तबकडीवरील व्हिडिओ गेमचा टिकाऊपणा

तबकडीवरील व्हिडिओ गेमचा टिकाऊपणा म्हणजे सीडी, डीव्हीडी किंवा ब्लू-रे या प्रकाशीय तबकड्यांवर वितरित झालेला खेळ किती काळ वाचता आणि खेळता येतो, याची मर्यादा होय. ही मर्यादा केवळ तबकडीच्या वयावर ठरत नाही. तबकडी कारखान्यात छापलेली आहे की संगणकावर लिहिलेली, ती कोणत्या हवामानात ठेवली गेली, ती वाचणारे यंत्र चालू स्थितीत आहे का आणि तिच्यातील माहितीची अचूक प्रत अन्यत्र उपलब्ध आहे का, या चार बाबींवर ती अवलंबून असते. कारखान्यात छापलेली तबकडी चांगल्या स्थितीत ठेवल्यास अनेक दशके टिकू शकते. पुष्कळदा ती वाचणारे यंत्र तिच्याआधी निकामी होते. संगणकावर लिहिलेल्या प्रतीचे आयुष्य मात्र अनिश्चित असते. विदर्भासारख्या उष्ण आणि पावसाळ्यात दमट असणाऱ्या प्रदेशात हा फरक अधिक महत्त्वाचा ठरतो.

## पार्श्वभूमी

१९८० च्या दशकात घरगुती व्हिडिओ गेम प्रामुख्याने कार्ट्रिजवर मिळत. कार्ट्रिजमधील माहिती अर्धवाहक चिपमध्ये कायमची कोरलेली असे. ती टिकाऊ होती, परंतु निर्मितीखर्च जास्त आणि साठवणक्षमता कमी होती. डिसेंबर १९८८ मध्ये जपानमध्ये पीसी इंजिन या कन्सोलसाठी सीडी-रॉमची जोडणी बाजारात आली आणि कन्सोलवरील खेळांसाठी प्रकाशीय तबकडीचा वापर सुरू झाला. २२ नोव्हेंबर १९९४ रोजी सेगा सॅटर्न आणि ३ डिसेंबर १९९४ रोजी सोनी प्लेस्टेशन ही यंत्रे जपानमध्ये विक्रीस आली, तेव्हापासून तबकडी हे खेळांचे प्रमुख माध्यम बनले. त्याच काळातील निन्टेन्डो ६४ च्या सर्वांत मोठ्या कार्ट्रिजची क्षमता ६४ मेगाबाइट होती. सीडीवर तिच्या सुमारे दहापट माहिती अत्यल्प खर्चात मावत असे.

पुढे प्लेस्टेशन २ (२०००) आणि एक्सबॉक्स (२००१) यांनी डीव्हीडीचा, गेमक्यूबने (२००१) आठ सेंटिमीटर व्यासाच्या लहान तबकडीचा आणि प्लेस्टेशन ३ ने (२००६) ब्लू-रेचा स्वीकार केला. या काळातील बहुतेक खेळ तबकडीवर पूर्ण स्वरूपात असत. त्यामुळे तबकडी वाचता येते तोवर खेळ उपलब्ध राहतो. त्यासाठी निर्मात्याचे दुकान अथवा सर्व्हर चालू असण्याची गरज नसते. याउलट केवळ डाउनलोड स्वरूपात विकलेले खेळ दुकान बंद झाल्यावर नव्याने घेता येत नाहीत. निन्टेन्डोच्या थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झाले, तेव्हा हा प्रश्न ठळकपणे समोर आला.

## तबकडीची रचना

प्रकाशीय तबकडी पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकची असून तिची जाडी साधारण १.२ मिलिमीटर असते. माहिती एका सलग सर्पिल मार्गावर सूक्ष्म खळग्यांच्या रूपात असते. त्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ परावर्तक थर असतो. लेझर किरण प्लास्टिकमधून आत जातो, परावर्तित होऊन परत येतो आणि खळगा व सपाट भाग यांच्या सीमेवर परावर्तनात होणाऱ्या बदलावरून यंत्र माहिती वाचते.

| प्रकार | लेझरची तरंगलांबी | मार्गांमधील अंतर | एका थराची क्षमता |
|---|---|---|---|
| सीडी | ७८० नॅनोमीटर | १.६ मायक्रोमीटर | सुमारे ६५० ते ७०० मेगाबाइट |
| डीव्हीडी | ६५० नॅनोमीटर | ०.७४ मायक्रोमीटर | ४.७ गिगाबाइट |
| ब्लू-रे | ४०५ नॅनोमीटर | ०.३२ मायक्रोमीटर | २५ गिगाबाइट |

तिन्ही प्रकारांत माहितीचा थर वेगवेगळ्या खोलीवर असतो आणि त्यांच्या टिकाऊपणातील फरकाचे हे एक मुख्य कारण आहे. सीडीत हा थर चित्र छापलेल्या बाजूला, लॅकरच्या पातळ आवरणाखाली असतो. त्यामुळे सर्वसाधारण समजुतीच्या उलट, सीडीच्या चकचकीत बाजूपेक्षा चित्राच्या बाजूवरील खोल ओरखडा अधिक घातक ठरतो. त्याने परावर्तक थरच खरवडला जातो आणि तेथील माहिती परत मिळवता येत नाही. डीव्हीडीत प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि माहिती त्यांच्या मध्ये सुरक्षित असते. मात्र चिकटद्रव्य खराब झाल्यास चकत्या सुटू लागतात. ब्लू-रेचा थर वाचनाच्या पृष्ठभागापासून केवळ ०.१ मिलिमीटर खोल असल्याने त्यावर ओरखडारोधक कठीण लेप दिलेला असतो.

## त्रुटी-सुधारणा

तबकडी अगदी नवी असतानाही तिच्यात काही त्रुटी असतातच. त्या भरून काढण्यासाठी मूळ माहितीबरोबर जादा गणिती माहिती नोंदलेली असते. सीडीवरील त्रुटी-सुधारणा पद्धत मार्गाच्या सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग तुटलेला भाग पूर्णपणे भरून काढू शकते.

या पद्धतीमुळे ऱ्हास बराच काळ लपून राहतो. त्रुटी वर्षानुवर्षे वाढत असतात, परंतु सुधारणेच्या मर्यादेत असेपर्यंत खेळ सुरळीत चालतो. मर्यादा ओलांडताच तो एखाद्या विशिष्ट ठिकाणी थांबतो. संगीताच्या सीडीत न वाचता आलेला भाग आजूबाजूच्या ध्वनीवरून अंदाजाने भरता येतो. संगणकीय आज्ञावलीत एकही बाइट अंदाजाने भरता येत नाही. म्हणून आज्ञावली व महत्त्वाची माहिती असलेल्या भागांना सुधारणेचा आणखी एक स्तर दिलेला असतो. चित्रफिती व ध्वनी यांच्या भागांत जागा वाचवण्यासाठी हा स्तर अनेकदा वगळलेला असतो. त्यामुळे चित्रफीत अडखळणे हे तबकडी बिघडू लागल्याचे पहिले लक्षण असू शकते.

## छापलेली आणि लिहिलेली तबकडी

कारखान्यातील तबकडी साच्यातून तयार होते. काचेच्या मूळ प्रतीवरून निकेलचा साचा बनवतात, त्यावर वितळलेले पॉलिकार्बोनेट दाबाने भरतात आणि नंतर ॲल्युमिनियमचा थर चढवतात. येथे माहिती ही प्लास्टिकच्या आकारातच असते.

संगणकावर लिहिल्या जाणाऱ्या सीडी-आर आणि डीव्हीडी-आर तबकड्यांत खळगे नसतात. त्यांत सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझरच्या उष्णतेने त्यात झालेला बदल म्हणजेच माहिती. प्रकाश, उष्णता आणि आर्द्रता यांमुळे हे रंगद्रव्य हळूहळू बदलते. रंगद्रव्याचा प्रकार, परावर्तक धातू, लिहिण्याचा वेग आणि लेखन-यंत्राची गुणवत्ता यांनुसार आयुष्य बदलते. सायनिनपेक्षा थॅलोसायनिन हे रंगद्रव्य प्रकाशाला अधिक टिकते आणि सोन्याचा थर गंजत नाही. स्वस्त तबकड्यांत मात्र या बाबींची खात्री नसते.

भारतात हा भेद विशेष अर्थपूर्ण आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सुमारे दोन दशके बाजारात विकल्या जाणाऱ्या आणि मित्रमंडळींत फिरणाऱ्या खेळांच्या तबकड्यांत अनधिकृत लिहिलेल्या प्रतींचा वाटा मोठा होता. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन तबकड्यांपैकी छापलेली आजही चालते आणि लिहिलेली वाचता येत नाही, हा अनुभव त्यामुळे येतो. साधारणपणे छापलेल्या तबकडीची वाचनाची बाजू रुपेरी दिसते, तर लिहिलेल्या तबकडीला हिरवट, निळसर किंवा जांभळट छटा असते. पहिल्या प्लेस्टेशनच्या मूळ तबकड्या काळ्या रंगाच्या आणि प्लेस्टेशन २ च्या काही मूळ सीडी निळ्या रंगाच्या होत्या. हे अपवाद ओळखताना ध्यानात घ्यावे लागतात.

## ऱ्हासाची कारणे

परावर्तक थराचे ऑक्सिडीकरण हे छापलेल्या तबकडीच्या ऱ्हासाचे प्रमुख कारण आहे. कडेच्या फटीतून किंवा लॅकरमधील दोषातून हवा व बाष्प आत शिरले की ॲल्युमिनियमची चमक जाते. तबकडी दिव्यासमोर धरल्यास टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसू लागतात. या प्रक्रियेस ‘डिस्क रॉट’ म्हणतात. तथापि प्रत्येक छिद्र हे ऱ्हासाचे लक्षण नसते. काही छिद्रे निर्मितीच्या वेळीच राहिलेली असतात आणि त्रुटी-सुधारणेमुळे त्यांचा उपद्रव होत नाही.

ऱ्हास बहुधा वयापेक्षा निर्मितीदोषाशी निगडित असतो. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथील पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात बनलेल्या अनेक सीडी कालांतराने तांबूस-तपकिरी पडल्या. त्यांवरील लॅकर वेष्टनातील पुस्तिकेच्या कागदामधून येणाऱ्या गंधकयुक्त संयुगांना तोंड देऊ शकले नव्हते. वॉर्नर ब्रदर्सच्या २००६ ते २००८ मधील काही चित्रपट-डीव्हीडी पुढे वाचता येईनाशा झाल्या आणि कंपनीने २०२५ मध्ये ही बाब मान्य केली. त्याहून जुन्या असंख्य तबकड्या मात्र आजही निर्दोष आहेत.

याखेरीज ओरखडे, तबकडी वाकणे, चिकटपट्ट्या व लेबले यांमुळे बिघडणारा समतोल आणि द्रावकयुक्त शाईच्या पेनाने सीडीवर लिहिणे ही नुकसानीची कारणे आहेत. क्वचित प्रसंगी बुरशीही कारणीभूत ठरते. मध्य अमेरिकेतील बेलीझ या उष्ण व दमट देशातून आणलेल्या एका सीडीत बुरशीने कडेने शिरून पॉलिकार्बोनेट आणि ॲल्युमिनियमचे थर पोखरल्याचे स्पॅनिश संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले.

## आयुर्मानाचे अंदाज

तबकड्यांचे आयुष्य प्रत्यक्ष वाट पाहून मोजता येत नाही. त्यामुळे त्या जास्त तापमानात आणि आर्द्रतेत ठेवून त्रुटी किती वेगाने वाढतात हे पाहतात व त्यावरून सामान्य परिस्थितीतील आयुष्य काढतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या संग्रहातील छापील सीडींवर अशा चाचण्या केल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २५ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत त्यांचे सरासरी आयुष्य ७७६ वर्षे निघाले. पण काही तबकड्यांचे आयुष्य २५ वर्षांपेक्षाही कमी असू शकते, असे त्याच अहवालात दिसते. म्हणजे सरासरी आकडा दिलासा देणारा असला, तरी हातातील विशिष्ट तबकडीबद्दल तो काहीही हमी देत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत तबकड्या ४ ते २० अंश सेल्सिअस तापमानात आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवण्याची शिफारस आहे. तापमानाइतकेच त्यातील चढउतार टाळणेही आवश्यक मानले जाते.

## उष्ण व दमट हवामान: कुरखेड्याचे उदाहरण

वरील शिफारशी भारतातील बहुतेक घरांत पाळता येत नाहीत. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागात सती नदीकाठी वसलेले कुरखेडा हे तालुक्याचे गाव या अडचणीचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणून पाहता येते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला असून त्याचा बहुतांश भाग वनाच्छादित आहे. उन्हाळा तीव्र असतो. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी व चंद्रपूर येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत भरपूर पाऊस पडतो आणि हवेतील आर्द्रता शिफारशीच्या वरच्या मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक राहते. हिवाळ्यातील रात्री थंड असतात.

म्हणजे येथील तबकडीला एकाच वर्षात कोरडी उष्णता, दीर्घ दमटपणा आणि थंडी अशा तिन्ही अवस्थांतून जावे लागते. पॉलिकार्बोनेट, धातू आणि लॅकर हे पदार्थ तापमानानुसार वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात; त्यामुळे थरांच्या जोडावर ताण येतो. पावसाळ्यात प्लास्टिक काही प्रमाणात बाष्प शोषते. रासायनिक क्रियांचा वेग तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम लावला तर पत्र्याच्या छपराखालील कपाटात ठेवलेल्या तबकडीचा ऱ्हास वातानुकूलित संग्रहालयातील तबकडीपेक्षा कितीतरी जलद होईल, हे स्पष्ट होते. लिहिलेल्या तबकडीवर हा परिणाम सर्वाधिक होतो.

अशा ठिकाणी महागड्या साधनांशिवायही बरेच काही साधता येते. घरातील सर्वांत थंड, अंधाऱ्या व बाहेरच्या भिंतीपासून दूर असलेल्या जागी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह तबकड्या ठेवल्यास आर्द्रता आटोक्यात राहते. पावसाळ्यापूर्वी या पुड्या वाळवून घ्याव्या लागतात किंवा बदलाव्या लागतात. कागदी पुस्तिका दमट झाल्या असतील, तर त्या तबकडीपासून वेगळ्या ठेवणे हितावह असते.

## वाचक यंत्राचे आयुष्य

तबकडी सुस्थितीत असली तरी यंत्राशिवाय ती निरुपयोगी असते. कन्सोलमधील लेझर डायोड वापराने क्षीण होतो, भिंगावर धूळ व धूर बसतो, वंगण सुकते आणि प्लास्टिकचे दातेरी भाग झिजतात. विजेच्या दाबातील चढउतारांनी वीजपुरवठ्याचा भागही बिघडतो. ‘तबकडी वाचता येत नाही’ अशी सूचना आली की दोष तबकडीचाच असेल असे नाही. तीच तबकडी दुसऱ्या यंत्रात तपासून पाहणे ही पहिली पायरी होय.

प्लेस्टेशन २ ची निर्मिती २०१३ च्या सुरुवातीस जगभर थांबली. प्लेस्टेशन ३ च्या केवळ सुरुवातीच्या काही आवृत्त्या प्लेस्टेशन २ च्या तबकड्या चालवतात. प्लेस्टेशन ४ आणि ५ त्या वाचत नाहीत. सेगा सॅटर्नमध्ये खेळाडूची प्रगती अंतर्गत स्मृतीत साठते आणि ती एका लहान बॅटरीवर अवलंबून असते. बॅटरी संपली की नोंदी पुसल्या जातात. तबकडी शाबूत असूनही खेळाचा एक भाग हरवण्याचे हे उदाहरण आहे.

## भारतात निर्माण झालेले खेळ

हा प्रश्न केवळ जपानी व अमेरिकी खेळांपुरता मर्यादित नाही. २००९ मध्ये हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीजने तयार केलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ प्लेस्टेशन २ साठी प्रसिद्ध झाला, पूर्णपणे भारतात घडलेला तो या कन्सोलवरील पहिला खेळ मानला जातो. त्याच वर्षी भारतीय मैदानी खेळांवर आधारित ‘देसी अड्डा’ आला. मुंबईस्थित ट्राइन गेम्सने गल्लीतील क्रिकेटवर आधारित ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ (२०१०) आणि त्याच नावाच्या हिंदी चित्रपटावर आधारित ‘रा.वन’ (२०११) हे खेळ तयार केले.

हे खेळ प्लेस्टेशन २ च्या कारकिर्दीच्या अखेरीस आले आणि त्यांची बाजारपेठ प्रामुख्याने भारतीय होती. जगभर लाखोंच्या संख्येने खपलेल्या खेळाच्या काही हजार तबकड्या खराब झाल्या तरी तो टिकून राहतो. मर्यादित बाजारपेठेसाठी निघालेल्या खेळाच्या बाबतीत मात्र प्रत्येक वाचनीय प्रतीचे मूल्य वाढते. गल्लीतील क्रिकेट, पतंग किंवा विटीदांडू हे घरगुती कन्सोलवर प्रथम कसे दाखवले गेले, याचा प्राथमिक पुरावा या तबकड्यांतच आहे.

## जतन आणि कायदा

अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील अभ्यासानुसार त्या देशात २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात विक्रीस उपलब्ध नव्हते. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग म्हणजे जुनी प्रत किंवा संग्रहालय. फ्रान्समध्ये १९९२ च्या कायद्यानुसार व्हिडिओ गेमची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करावी लागते. भारतातील १९५४ चा ग्रंथ व वृत्तपत्र प्रदान कायदा छापील ग्रंथ आणि वृत्तपत्रांसाठी आहे. व्हिडिओ गेमच्या तबकड्या त्याच्या कक्षेत येत नाहीत.

भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार संगणकीय आज्ञावली ही साहित्यकृतीत मोडते. कलम ५२(१)(कक) अन्वये आज्ञावलीची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्या व्यक्तीस ती हरवणे, नष्ट होणे अथवा खराब होणे यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून, मूळ उपयोगापुरती राखीव प्रत करता येते. मात्र अनेक कन्सोल-तबकड्यांवर साध्या लेखन-यंत्राला नक्कल न करता येणारी खूण असते. पहिल्या प्लेस्टेशनच्या मूळ तबकडीत ही खूण सर्पिल मार्गाच्या सूक्ष्म थरथरीत दडवलेली आहे. तिच्याअभावी राखीव प्रत मूळ स्थितीतील यंत्रात चालत नाही. हक्कभंगाच्या उद्देशाने असे तांत्रिक संरक्षण भेदणे हा २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५क नुसार गुन्हा आहे.

याच दुरुस्तीने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत करण्याची मुभा दिली. परंतु ती ग्रंथालयाकडे त्या कृतीची अ-डिजिटल प्रत आधीपासून असल्यासच लागू होते. तबकडीवरील खेळ मुळातच डिजिटल असल्याने तो या तरतुदीत सहजासहजी बसत नाही. साहित्यकृतीवरील स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे हक्क संपल्यावर प्रती करू असे ठरवल्यास, तोपर्यंत वाचनीय तबकडी किंवा ती वाचणारे यंत्र शिल्लक असेलच असे नाही.

स्वयंसेवी पातळीवर ‘रीडम्प’सारखे प्रकल्प प्रत्येक तबकडीच्या आशयाचा गणिती ठसा नोंदवतात. दोन वेगळ्या तबकड्यांवरून घेतलेल्या प्रतींचे ठसे जुळले, तर वाचन अचूक झाल्याची खात्री पटते.

## निगा

* तबकडी कडेने व मधल्या छिद्राने धरावी. दोन्ही पृष्ठभागांना स्पर्श टाळावा.
* पुसताना मऊ, स्वच्छ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे. गोलाकार पुसल्यास पडणारा ओरखडा मार्गाच्या दिशेने जातो आणि त्रुटी-सुधारणेला तो भरून काढणे कठीण होते.
* तबकडी कठीण डबीत उभी ठेवावी. थप्पी लावू नये.
* तबकडीवर लेबल चिकटवू नये. आधीपासून चिकटलेले लेबल ओढून काढू नये, कारण त्याबरोबर परावर्तक थर निघू शकतो.
* लिहिलेल्या तबकड्यांतील स्वतःची छायाचित्रे, दस्तऐवज वा खेळांच्या नोंदी विलंब न करता अन्य माध्यमावर उतरवाव्यात.
* राखीव प्रत किमान दोन ठिकाणी ठेवावी आणि ठरावीक काळाने ती उघडून तपासावी.

## हेही पाहा

* प्रकाशीय तबकडी
* व्हिडिओ गेम कन्सोल
* डिजिटल जतन
* स्वामित्वहक्क कायदा, १९५७
* कुरखेडा